चालक झोपेत होता

झाड गाडीवर पडले तेव्हा गाडीत सासरे झोपलेले होते, ही गोष्ट जावयाला झाड पडल्यावर कळली.

तसे त्याला बरेच काही उशिराच कळत असे. त्याचे चष्म्याचे दुकान होते. जगाला लांबचे आणि जवळचे स्वच्छ दाखवून देणारा हा माणूस स्वतः मात्र सदा काळजीच्या धुक्यात वावरायचा. कुलूप लावले का, गॅस बंद केला का, गाडीच्या विम्याचा हप्ता भरला का, याच प्रश्नांवर त्याचा दिवस उजाडायचा आणि मावळायचा. हप्ता भरलेला होता, हे इथेच सांगून टाकलेले बरे. नाहीतर वाचणाऱ्याच्या जिवाला उगाच घोर.

सासऱ्यांनी उभा जन्म दीपगृहात काढला होता. भर समुद्रात एक खडक, खडकावर दिवा आणि दिव्यापाशी हे. रात्रभर जागायचे आणि दिवसा वाऱ्याच्या आवाजात झोपायचे. सासूबाई गेल्या, नोकरी संपली, आणि ते मुलीकडे राहायला आले. पण दुपारची झोप काही सुटेना. घर दोन खोल्यांचे, आणि मुलगी फिजिओथेरपिस्ट. दुपार झाली की बाहेरच्या खोलीत गुडघे, खांदे आणि कंबरा येऊन बसायच्या. "आई गं!", "मेले मेले!", "अजून पाच वेळा, पाठ सरळ!" असा गजर संध्याकाळपर्यंत चाले. आतल्या खोलीत उशी कानावर दाबून पडले तरी भिंतीतून गुडघे ऐकू येत.

सासरे भिडस्त. तक्रार करणे त्यांच्या रक्तात नव्हते. जावई त्यांच्याहून भिडस्त. एका घरात दोन भिडस्त माणसे असली की एका दारात अडकलेल्या दोन पाहुण्यांसारखी गत होते. 'आधी तुम्ही', 'छे, छे, आधी तुम्ही', आणि दोघेही दारातच. म्हणून सासरे रोज दुपारी "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणत, हळूच गाडीची किल्ली खिशात टाकत, आणि खाली कुंपणालगत शिरीषाच्या सावलीत उभ्या असलेल्या गाडीत जाऊन झोपत. शेजारची सीट मागे कलत नसे, चालकाची मात्र पार आडवी होई. म्हणून चालकाच्या सीटवर.

वादळ आले ते भर दुपारी. आकाश जांभळे झाले, वारा गल्लीत शिरला, वाळत घातलेले कपडे या घरचे त्या घरी गेले. आणि शिरीष पडला. कोसळला म्हणणे बरोबर होणार नाही. दमूनभागून आलेला माणूस उशीला टेकतो तसा तो आधी कुंपणाला टेकला, एक उसासा सोडला आणि मग गाडीवर अंग टाकले. मुळे मातीसकट वर आली. गुलाबी, पिसासारखी फुले गल्लीभर तरंगत राहिली.

आवाज झाला तेव्हा वर एका काकूंचा व्यायाम चालू होता. कित्येक महिने न वळलेली त्यांची मान खाडकन खिडकीकडे वळली. "अगंबाई, तुमची गाडी!" त्या म्हणाल्या, आणि मग, "अगंबाई, माझी मान!"

त्या दिवशी दुकानाला सुट्टी होती. जावई अनवाणी खाली धावला. बॉनेट चेपले होते, टपाला मागच्या बाजूने खोलगट वाटीचा आकार आला होता, पुढच्या काचेवर कोळ्याने जाळे विणावे तशा रेघा पडल्या होत्या. फांद्या बाजूला सारून त्याने आत डोकावले आणि तो ओरडला.

"बाबा! अहो, बाबा!"

आत हिरवा उजेड साचला होता, विहिरीच्या तळाशी असावा तसा. सासऱ्यांनी एक डोळा उघडला.

"वारा आहे," ते म्हणाले. "पडेल थोड्या वेळात." आणि डोळा मिटला.

एकच मागचे दार उघडत होते. त्यातून जावई आत रांगला, त्याच्यामागून बायको रांगली, तिने वडिलांचे हातपाय, मान, पाठ सगळे तपासले. ओरखडासुद्धा नव्हता.

"बाबा, इथे कशाला झोपलात?" ती रडवेली होऊन ओरडली.

"शांत आहे गं," सासरे अपराधी चेहऱ्याने म्हणाले. "आणि आता तर फारच छान झालंय."

मग जावयाने विमा कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीचा गोड आवाज आला.

"बोला सर, गाडी कुठे ठोकलीत?"

"मी नाही ठोकली. झाड पडलं."

"गाडीसमोर?"

"गाडीवर."

"त्या वेळी गाडीत कोणी होतं का सर?"

इथे 'नाही' म्हणून मोकळे होता आले असते. पण जावयाला खोटे बोलायचे तर आधी दोन दिवस तालीम लागे.

"सासरे होते."

"कोणत्या सीटवर?"

"चालकाच्या."

"काय करत होते?"

"झोपले होते."

पलीकडची कीबोर्डची टकटक क्षणभर थांबली. "झो-प-ले," मुलगी हळूहळू म्हणाली. "त्यांचं लायसन्स?"

"नाही हो, त्यांना गाडी चालवता येतच नाही."

"अच्छा," ती म्हणाली. त्या 'अच्छा'त इतकी सहानुभूती होती की जावयाला बरे वाटले. तेवढेच बरे वाटायचे होते. पाठोपाठ मोबाइलवर निरोप आला : 'विनापरवाना चालक झोपेत असताना वाहन झाडावर आदळले. चौकशी पूर्ण होईपर्यंत वाहन व झाड जागेवरून हलवू नये.'

त्याने पुन्हा फोन केला. मुलगी म्हणाली, "सर, एकदा नोंद झाली की मला बदलता येत नाही. आता नुकसानीची पाहणी करायला सर्व्हेअर येतील, त्यांना सांगा."

"तू खरं कशाला बोललास?" बायकोने विचारले.

"मग काय बोलायला हवं होतं?"

"खरंच, पण थोडं कमी."

सर्व्हेअर येईपर्यंत बरेच दिवस गेले, कारण वादळाने गावातली निम्मी झाडे निम्म्या गाड्यांवर घातली होती. त्या दिवसांत जावयाची झोप उडाली. गाडी गेली, क्लेम गेला, वर सासऱ्यांवर खटला, अशी चित्रे त्याला दिसत. सासरे मात्र दुपारी नेमाने खाली जात. अर्धी मुळे अजून मातीत होती, त्यामुळे झाड पडल्या पडल्या जगत होते. पाने तजेलदार होती. संध्याकाळ झाली की ती हात जोडल्यासारखी मिटत आणि गाडीवर मऊ अंधार उतरे.

एका दुपारी सर्व्हेअर आला. उंच, काटकुळा, टाय कानाखाली गेलेला. जावयाची नजर सवयीने त्याच्या डोळ्यांकडे गेली. दोन्ही डोळे लालभडक.

"डोळ्यांत औषध घालायला हवं तुमच्या," जावई म्हणाला.

"झोप घालायला हवी," सर्व्हेअर म्हणाला. "घरी जुळी झालीयत. एक झोपलं की दुसरं उठतं. दिवसा या गाड्या." त्याने झाडाभोवती एक फेरी मारली, आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुळांकडे पाहिले आणि मान हलवली. "झाड वरून पडलंय. आंधळ्यालाही दिसेल."

"हो ना!" जावयाचा जीव भांड्यात पडला.

"पण मला दिसून काय उपयोग? फाईलला डोळे नसतात. गाडी चालू नव्हती याचा पुरावा हवा. कोणी पाहिलं पडताना?"

मानेच्या काकूंना बोलावले. त्या आनंदाने आल्या. "मी पाहिलं! मान वळवून पाहिलं!"

सर्व्हेअरने लिहून घेतले. मग विचारले, "काकू, तुम्ही इथे कसले उपचार घेता?"

"मानेचे. मान वळतच नाही माझी."

सर्व्हेअरने पेन टेकवले. काकूंच्या लक्षात आले. "म्हणजे वळत नव्हती. झाड पडलं म्हणून वळली."

"म्हणजे आधी झाड पडलं, मग मान वळली. पडताना नाही पाहिलं."

"आता वळते ना पण!" काकूंनी मान उजवीकडे वळवून दाखवली, डावीकडे वळवून दाखवली, आणि साक्ष फुकट गेली तरी समाधानाने निघून गेल्या.

उरले सासरे.

"आजोबा, नेमकं काय झालं?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो."

"गाडी चालू होती का बंद?"

"झोपताना बंद होती."

"आणि नंतर?"

"नंतर मी झोपलो होतो."

"म्हणजे नक्की सांगता येणार नाही?"

"झोपलेला माणूस नक्की काय सांगणार हो?" सासरे मनापासून म्हणाले. जावयाने कपाळाला हात लावला.

सर्व्हेअरने वही मिटली. "मला त्या जागी बसून बघावं लागेल. आतून काय दिसतं, किती दिसतं." त्याने बूट काढले, मागच्या दारातून आत रांगला, दोन सीटांच्या मधून एकेक पाय ओढून घेतला आणि चालकाच्या जागी उताणा पडला. काचेच्या जाळ्यातून येणारा उजेड त्याच्या तोंडावर हिरव्या कवडशांनी हलत होता. कुठूनतरी एक गुलाबी पीस आले आणि त्याच्या टायवर बसले.

"अरे..." तो म्हणाला. पुढे काहीच म्हणाला नाही.

जावई थोडा वेळ थांबला. खाकरला. आणखी थोडा वेळ थांबला. मग वर जाऊन बायकोला म्हणाला, "सर्व्हेअर झोपला."

"मग उठव."

"कसं उठवू? क्लेम त्याच्या हातात आहे."

खाली आला तर सासरे गाडीशेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेले. त्यांची हक्काची जागा गेली होती, पण चेहऱ्यावर रुसवा नव्हता. उलट एक जुना तरतरीतपणा आला होता. "झोपू द्या, जावईबापू," ते हलक्या आवाजात म्हणाले. "फार रात्री जागलेला माणूस आहे. मी आहे इथे."

आणि ते राखणीला बसले. भोंगा वाजवत आलेल्या भंगारवाल्याला त्यांनी हातानेच पुढे पाठवले. भुंकायच्या बेतात असलेल्या कुत्र्याकडे नुसते पाहिले. जावयाला काय करावे सुचेना, म्हणून त्यानेही एक खुर्ची आणली. दोघे शेजारी शेजारी बसले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण असे दोघेच कधी बसले नव्हते.

"दीपगृहात रात्रभर काय करायचात हो, बाबा?" जावयाने बऱ्याच वेळाने विचारले.

"काही नाही. दिवा जळतोय ना, एवढं बघायचं. बाकी समुद्र आपला आपण असतो."

"भीती नाही वाटायची?"

"पहिल्यांदा वाटायची. मग कंटाळा आला भीतीचा."

जावयाने खुर्ची जरा जवळ ओढली. मग म्हणाला, "घरात झोप लागत नाही, हे सांगितलं असतंत तर काहीतरी सोय केली असती."

"तुमच्या डोक्याला आधीच काय कमी काळज्या आहेत? त्यात माझ्या झोपेची कुठे भर?" सासरे म्हणाले. जावयाला एकदम भरून आले, आणि भरून आल्यावर काय बोलायचे असते ते माहीत नसल्याने तो झाडाकडे बघत राहिला.

पाने मिटायला लागली तेव्हा सर्व्हेअर जागा झाला. खजील होऊन बाहेर रांगला. "मोजमाप राहिलं," तो पुटपुटला. "उद्या येतो."

उद्या आला. परवाही आला. दुपारी येई, बूट काढी, आत शिरे. मोजपट्टी कधी पिशवीबाहेर आलीच नाही. सासरे आपली झोप सकाळी उरकून घेऊ लागले आणि दुपारी खुर्चीवर हजर राहू लागले. झाडे तोडणारी माणसे करवत घेऊन आली, तर सासऱ्यांनी त्यांना सांगितले, "चौकशी चालू आहे." त्यांनी आत वाकून चौकशी पाहिली आणि पाय न वाजवता परत गेली.

"हे किती दिवस चालणार?" बायकोने कंबरेवर हात ठेवून विचारले. "त्याची झोप पुरी झाली की पाठवणार का क्लेम?"

जावयालाही तोच घोर होता. आणि त्यात एका दुपारी गल्लीत एक काळी मोठी गाडी शिरली. तिच्यातून विमा कंपनीचे मोठे साहेब उतरले. पोट पुढे, कपाळावर आठी.

"आमचा सर्व्हेअर इथे रोज येतो म्हणे. एका गाडीला इतके दिवस? कुठे आहे तो?"

सासरे खुर्चीतून उठले आणि शांतपणे म्हणाले, "आत आहेत. जरा हळू बोला."

साहेबांचा आवाज आपोआप उतरला. त्यांनी पाने बाजूला करून काचेला नाक लावले. आत सर्व्हेअर छातीवर हात ठेवून, तोंड अर्धे उघडे टाकून गाढ झोपलेला. साहेबांची आठी वरवर सरकत टकलापर्यंत गेली. आता याची नोकरी जाणार, फाईल बंद होणार, आणि सासरे जन्मभर 'विनापरवाना चालक' राहणार, हे जावयाला लख्ख दिसले. आणि त्याच क्षणी, कधी नव्हे ते, त्याला जवळचेही लख्ख दिसले.

"साहेब," तो म्हणाला, "पाय बघा."

"काय?"

"त्यांचे पाय. सीट आडवी आहे. पाय कुठे आहेत आणि ब्रेक कुठे आहे?"

साहेबांनी पाहिले. सर्व्हेअरचे मोजे घातलेले लांबलचक पाय अधांतरी लोंबत होते. ब्रेक त्यांच्यापासून पार लांब, दुसऱ्या गावाला असावा तसा.

"आमचे सासरे यांच्यापेक्षा चांगले वीतभर बुटके आहेत," जावई म्हणाला. तालीम न करता तो एवढे सलग पहिल्यांदाच बोलत होता. "या सीटवर झोपलेल्या माणसाला गाडी चालवताच येणार नाही. गाडी उभीच होती. झाडच आलं."

साहेब बराच वेळ पायांकडे बघत राहिले.

"म्हणजे हा... प्रयोग करतोय?"

"रोज करतायत," सासरे म्हणाले. हे अक्षरशः खरे होते.

"खरोखर झोपून?"

"खोटं झोपून कसं कळणार हो?"

साहेबांच्या कपाळावरची आठी एकेका घडीने उलगडली. "अशी माणसं राहिली नाहीत," ते कुजबुजले. "आमच्याकडे सगळे टेबलावर झोपतात. हा गाडीत येऊन झोपला." त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर पायांचे फोटो काढले, पुढून काढले, बाजूने काढले, आणि चवड्यांवर चालत आपल्या गाडीकडे गेले. सर्व्हेअर उठला तेव्हा क्लेम मंजूर झाला होता, आणि त्याला शाबासकी म्हणून आठवड्याची रजा मिळाली होती. रजेत घरी जुळ्यांजवळ राहायचे, हे ऐकून तो थोडा खट्टू झाला, तेवढेच.

कंपनीने मोडीत काढलेली गाडी न्यायचा दिवस ठरला. सकाळी माणसे आली, खोड कापून घेऊन गेली. गाडीवर पाचोळा आणि फुलांचा जाड थर तेवढा राहिला. दुपारी क्रेन यायची होती, तिला उशीर झाला. उन्हे कलली. जावई आणि सासरे गाडीपाशी उभे होते.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "सगळे झोपून गेले. तुम्ही राहिलात."

"मी? नको हो. क्रेन येईल, कागदावर सही करायचीय, नवीन गाडीचं बघायचंय..."

"क्रेन आली की उठवतो. मी आहे ना इथे."

जावई 'आधी तुम्ही' म्हणणार होता, पण सासऱ्यांनी मागचे दार उघडून धरलेच होते. तो आत रांगला. सीटवर आडवा झाला. डोळे मिटून घेतल्यावर त्याने कुलपाचा विचार काढून पाहिला, गॅसचा काढून पाहिला, पण एकही विचार अंगाला लागेना. खाली, खाली, हिरव्या पाण्यात खडा जावा तसा तो गेला.

बाहेर सासरे खुर्चीवर बसले. हवा गार होती. जावई झोपला, मुलगी वर सुखात होती, क्लेम मंजूर झाला होता. राखायचे असे काही उरलेच नव्हते. उभ्या जन्मात राखणीवर असताना जे कधी घडले नाही ते तेव्हा घडले. त्यांचा डोळा लागला.

क्रेन आली. "आजोबा, गाडी रिकामी आहे ना?" क्रेनवाल्याने विचारले. आजोबांनी डुलकीत मान खाली टाकली. तिचा जो सोयीचा अर्थ होता तो क्रेनवाल्याने घेतला.

जावयाला स्वप्न पडले की तो होडीत आहे. होडी डुलत होती. मग पाणी गेले तरी ती डुलतच राहिली. त्याने डोळे उघडले. काचेवरचा पाचोळा घसरून गेला होता आणि तिथे नुसते आभाळ होते, फिकट केशरी. त्याने उठून बाजूच्या खिडकीतून बाहेर पाहिले. दुसरा मजला समोरून खाली जात होता. तिसऱ्या मजल्यावर एक बाई दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला. खाली गल्लीत बायको दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती, काकू मान पूर्ण मागे टाकून वर बघत होत्या, आणि खुर्चीवर सासरे छातीवर हनुवटी टेकून गाढ झोपले होते.

क्रेनवाल्याला खिडकीतले तोंड दिसले. त्याचा हात दांड्यावर गोठला. गाडी हवेत थांबली, हलकेच एक गिरकी घेऊन पुन्हा स्थिर झाली.

"साहेब!" तो खालून किंचाळला. "घाबरू नका! हलू नका! लगेच खाली घेतो!"

जावयाने काच खाली केली. गार वारा आत आला. लांबपर्यंत गच्च्याच गच्च्या पसरल्या होत्या, त्यांच्यावर एकेक दिवा लागत होता.

"सावकाश हो," तो खिडकीवर कोपर टेकवून म्हणाला. "मला काही घाई नाही."